नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय-कौशल्यांची संगणकीय पाठमाला : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय कसे वापरावे हे संगणकावर शिकवणारी एक पाठमाला आमच्या ग्रंथालयाने घेतली, त्याला आता दोन शैक्षणिक वर्षे पूर्ण झाली. या काळात प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीने ती ग्रंथालयाच्या संगणक कक्षात माझ्यासमोर बसून पूर्ण केली आहे, आणि मी स्वतः तिचा प्रत्येक पडदा विद्यार्थ्याच्या जागी बसून एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. या प्रकारच्या बहुतेक पाठमालांची घडण सारखीच असते आणि पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्या या एकटीच्या नाहीत, म्हणून तिचे नाव न घेता लिहीत आहे. अशी पाठमाला घेण्याच्या विचारात असलेल्या ग्रंथपालांना आणि प्राध्यापकांना नावापेक्षा आतल्या तपशिलाचा उपयोग अधिक होईल. माझे मत आधीच सांगते : हाताला वळण लावण्याचे काम ही पाठमाला माझ्यापेक्षा चांगले करते, आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे ठरवायला मात्र ती शिकवत नाही, आणि नव्या विद्यार्थ्याचे घोडे बहुधा तिथेच अडते.

यापूर्वी आम्ही उद्बोधन वर्ग घेत होतो. पहिल्याच आठवड्यात साठ-सत्तर विद्यार्थ्यांना एकत्र घेऊन देवघेव विभागापासून नियतकालिकांच्या दालनापर्यंत फिरवायचे, वाटेत वर्गीकरण समजावायचे आणि शेवटी नियमांचा कागद हातात द्यायचा, असा तो परिपाठ होता. मागे राहिलेल्यांना काही ऐकू जात नसे आणि पुढे असलेल्यांना ऐकलेले पुढच्या महिन्यात आठवत नसे, कारण त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणालाच पुस्तक नको होते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि आमच्या फेरफटक्यात त्याच सूत्राला बाध येत होता. म्हणून आम्ही संगणकाकडे वळलो.

पाठमालेत सहा प्रकरणे आहेत : ग्रंथालयाची ओळख, वर्गांक आणि मांडणी, ओपॅकमधील (ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या संगणकीय तालिकेतील) शोध, ई-नियतकालिके, माहितीचे मूल्यमापन आणि संदर्भ देण्याची पद्धत. प्रत्येक प्रकरणाला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. चालवण्यासाठी साधा ब्राउझर पुरतो आणि मूडलसारख्या अध्यापन-प्रणालीत ती बसवता येते, त्यामुळे कोणी कुठपर्यंत केले याची नोंद आपोआप राहते. पहिले प्रकरण सरळ वगळावे. कोणत्याही ग्रंथालयाला लागू पडावे या हेतूने ते लिहिलेले असल्याने त्यातून कोणत्याच ग्रंथालयाची ओळख होत नाही. त्याच्या जागी आम्ही आमच्या दालनांची छायाचित्रे आणि नकाशा असलेले चार पडदे स्वतः तयार करून जोडले, आणि तेवढे पुरेसे ठरले.

दुसरे प्रकरण मात्र या पाठमालेचा खरा ठेवा आहे. मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आहेत, प्रत्येकाचे पुन्हा दहा उपविभाग आहेत, हे सगळे विद्यार्थ्यांना सांगून समजते. पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचणे मात्र नुसते सांगून येत नाही. संख्याशास्त्राची पुस्तके ५१९.५ या वर्गांकाखाली येतात. त्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या नव्या विद्यार्थ्याला ५१९.५३ हा अंक ५१९.६ च्या नंतर असेल असे हमखास वाटते, कारण त्याच्या मनात त्रेपन्न आणि सहा यांची तुलना चाललेली असते. गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांक बिनचूक सोडवणारी मुलेही ग्रंथालयात आली की दशांश चिन्हापुढचे अंक पूर्णांकासारखे वाचतात. यात आपल्या बोलण्याचाही भाग आहे : आपण सहज ‘पॉइंट त्रेपन्न’ म्हणतो, तिथे ‘पॉइंट पाच तीन’ म्हणायला हवे, आणि मी माझ्या सहकाऱ्यांनाही आता तसेच म्हणायला सांगते.

या चुकीवर पाठमालेने जो सराव दिला आहे तो जवळून पाहण्याजोगा आहे. पडद्यावर आठ पुस्तकांचा एक फळा दिसतो आणि पुस्तके माउसने सरकवून क्रमाने लावायची असतात. पुस्तक चुकीच्या जागी ठेवले की ते परत खाली येते, आणि त्याच वेळी सगळे वर्गांक शून्ये भरून एकाखाली एक उभे राहतात : ५१९.५००, ५१९.५०२, ५१९.५३०, ५१९.६००. कोणतेही स्पष्टीकरण लिहिलेले नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. अंक रकान्यात उभे राहिले की चूक स्वतःची स्वतःला दिसते. माझ्या एका विद्यार्थ्याने हा फळा चार वेळा चुकवला, पाचव्या वेळी बरोबर लावला आणि न सांगता उठून वरच्या मजल्यावरच्या कपाटाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन पुस्तके होती आणि तिथे चुकीच्या जागी लावलेले तिसरे पुस्तक त्याने मला आणून दाखवले. इतक्या वर्षांच्या उद्बोधन वर्गांत असे कधी घडले नव्हते. संगणकावरून शिकवण्याचा प्रयत्न नवा नाही, इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही प्रणाली १९६० मध्येच उभी राहिली होती, पण तेव्हापासून आजपर्यंत या माध्यमाचे बळ एकाच गोष्टीत आहे : उत्तर देताक्षणी प्रतिसाद मिळतो, आणि चुकलेले शेजाऱ्याला दिसत नाही. पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार असते.

तिसऱ्या प्रकरणाबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण पाठमालेचे गुण आणि तिची मर्यादा दोन्ही इथे एकमेकांना लागून आहेत. नवा विद्यार्थी ओपॅकच्या शोधपेटीत बोलल्यासारखे अख्खे वाक्य लिहितो. एका विद्यार्थिनीला मोबाइल आणि झोप या विषयावर निबंध लिहायचा होता. तिने ‘मोबाइलमुळे विद्यार्थ्यांच्या झोपेवर काय परिणाम होतो’ असे लिहिले आणि पडद्यावर शून्य नोंदी आल्या. इंटरनेटवरच्या नेहमीच्या शोधयंत्राला असे वाक्य चालते, म्हणून ग्रंथालयात या विषयावर काहीच नाही असा तिचा समज झाला. वास्तविक ग्रंथालयाची तालिका आपण दिलेले शब्द पुस्तकाच्या नोंदीतील शब्दांशी ताडून पाहते. ही नोंद कशी असते हे पाठमाला फार चांगले दाखवते. संगणकाला वाचता येईल अशा मार्क नोंदीची रचना १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि आजही बहुतेक ग्रंथालयांच्या नोंदी त्याच साच्यात असतात. पाठमालेत एका पुस्तकाची अशी नोंद उघडून दाखवली आहे : २४५ या क्षेत्रात शीर्षक, १०० मध्ये लेखक, ६५० मध्ये विषयशीर्षक. एरवी ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाच दाखवली जाणारी ही गोष्ट पहिल्या वर्षातल्या मुलांना दाखवण्याचे धाडस ज्याने केले त्याला शिकवण्याची जाण आहे, कारण नोंद एकदा पाहिली की आपला शब्द कुठे जाऊन लागतो हे समजते आणि विषयशीर्षकावर क्लिक करून एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकाकडे जाण्याची वाट सापडते.

त्यानंतर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या बूलीय जोडशब्दांचा सराव आहे. रोजच्या बोलण्यात ‘किंवा’ म्हणजे दोहोंतले एक, त्यामुळे ‘किंवा’ वापरल्यावर निकाल कमी होतील अशी विद्यार्थ्यांची अपेक्षा असते; पडद्यावर दोन वर्तुळे एकत्र रंगतात आणि नोंदींचा आकडा वाढतो तेव्हा तो समज जागेवरच दूर होतो. विषयाचे तीन भाग करून प्रत्येक भागाखाली पर्यायी शब्द लिहायचे, उभ्या रकान्यात ‘किंवा’ आणि रकान्या-रकान्यांत ‘आणि’ घालायचे, ही रीत शिकवली आहे, आणि ती अगदी योग्य आहे. माझी तक्रार यापुढची आहे. त्याच विद्यार्थिनीने झोपेच्या रकान्यात ‘निद्रानाश’ लिहिले आणि पाठमालेने ते चूक ठरवले. “मॅडम, निद्रानाश चुकीचा कसा?” तिने विचारले. तो चुकीचा नव्हताच. तिच्या निबंधाला तो नेमका उपयोगी पडणारा शब्द होता, पण कार्यक्रमाच्या यादीत फक्त ‘झोप’ आणि ‘निद्रा’ हे दोनच शब्द बरोबर म्हणून भरलेले होते. तिने आपला शब्द पुसला, खालची सूचना वाचून ‘निद्रा’ लिहिले आणि पुढे गेली. मला ती घटना लागून राहिली, कारण आपण विचार करून काढलेला शब्द पुसायचा असतो असा धडा तिला त्या क्षणी मिळाला. निर्मात्यांना मी कळवले, त्यांनी तत्परतेने तो शब्द यादीत घातला, परंतु अडचण एका शब्दाची नाही. पर्यायी शब्दांची यादी आधी बंद करून ठेवणारा सराव शोधाचा सराव होऊ शकत नाही. अशा ठिकाणी पाठमालेने बरोबर-चूक ठरवण्याऐवजी विद्यार्थ्याचा शब्द ग्रंथालयाच्या खऱ्या तालिकेत टाकून किती आणि कोणत्या नोंदी येतात ते दाखवायला हवे.

त्याहून मोठी उणीव अशी की विषय नेहमी तयार मिळतो. मोबाइलचा झोपेवर परिणाम, एवढे म्हटल्याने प्रश्न तयार होत नाही. कोणाची झोप, झोप लागण्याची वेळ की तिचा कालावधी, दिवसभराचा वापर की अंथरुणावर पडल्यानंतरचा, हे ठरल्याशिवाय कोणते शब्द शोधायचे हेही ठरत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या अमेरिकेतील एसीआरएल या संस्थेने २००० साली माहिती साक्षरतेचे जे निकष स्वीकारले होते ते कौशल्यांच्या याद्यांच्या स्वरूपात होते. २०१६ साली त्यांची जागा एका वेगळ्या चौकटीने घेतली, जिच्यात संशोधन म्हणजे प्रश्न विचारत जाणे आणि शोध म्हणजे वाट बदलत पुढे जाणे या कल्पनांना मध्यवर्ती स्थान आहे. ही पाठमाला अजून त्या जुन्या याद्यांच्या काळातली आहे. यावर आम्ही असा उपाय केला की तिसरे प्रकरण उघडण्यापूर्वी कक्षातले सगळे पडदे वीस मिनिटे बंद ठेवायचे, प्रत्येकाने आपला विषय कागदावर एका वाक्यात लिहायचा आणि शेजाऱ्याने त्यावर तीन प्रश्न विचारायचे. त्या वीस मिनिटांत विषय निम्म्याने आवळले जातात आणि पुढचा संगणकीय सराव दुपटीने उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

देवनागरीत शोध घेणाऱ्यांसाठी पाठमालेत काहीही नाही, याचेही वाईट वाटते. शब्दाच्या शेवटी तारांकन घालून त्याची सगळी रूपे मिळवण्याची युक्ती तिच्यात इंग्रजी शब्दांवर शिकवली आहे. ‘ग्रंथ’ या शब्दापुढे तारा दिला तर ग्रंथालय, ग्रंथपाल, ग्रंथसूची असे सगळे मिळते हे खरे. पण मराठीत विभक्तीच्या आधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि तिथे ही युक्ती अडते. ‘पाणी’पुढे तारा दिला की पाणीपुरवठा आणि पाणीटंचाई मिळते, ‘पाण्याचा’ आणि ‘पाण्यातील’ मात्र सुटून जाते. म्हणून ‘पाण’ इतकाच भाग ठेवला तर पाण्याबरोबर पाणबुडी आणि पाणिनीही येतात. यातून मार्ग आहे : ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ ही दोन्ही रूपे तारा देऊन ‘किंवा’ने जोडायची. मोबाइल आणि मोबाईल अशा दुहेरी लेखनालाही हाच उपाय लागू पडतो. हे मी आता वर्गातल्या फळ्यावर शिकवते आणि विद्यार्थ्यांना ते आवडते, कारण शाळेत पाठ केलेले सामान्यरूप त्यांना पहिल्यांदाच कशाच्या तरी उपयोगी पडलेले दिसते.

चौथ्या प्रकरणातील ई-नियतकालिकांची माहिती बरी आहे, परंतु पडद्यांची चित्रे जुनी झाली आहेत आणि विद्यार्थी चित्रात दाखवलेले बटण खऱ्या संकेतस्थळावर शोधत राहतात.

माहितीच्या मूल्यमापनावरचे पाचवे प्रकरण मात्र नव्याने लिहायला हवे. संकेतस्थळावर लेखकाचे नाव आहे का, तारीख आहे का, पत्त्याच्या शेवटी कोणती अक्षरे आहेत, अशा खुणा तपासण्याची यादी त्यात दिली आहे. या सगळ्या खुणा फसवे संकेतस्थळही सहज पूर्ण करू शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅक्ग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची संकेतस्थळे वाचण्याची पद्धत ताडून पाहिली तेव्हा तथ्यतपासनीस सर्वांत कमी वेळात योग्य निष्कर्षाला पोहोचले, आणि त्याचे कारण असे की ते त्या पानावर रेंगाळले नाहीत. दुसरे पान उघडून त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिले. ही रीत दहा मिनिटांत शिकवता येते आणि संगणक कक्ष हीच तिची योग्य जागा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद-साधनांनी तयार केलेल्या खोट्या संदर्भांचा तर पाठमालेत उल्लेखही नाही. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, खंड आणि पृष्ठांक व्यवस्थित, आणि तो लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ आता प्रथम वर्षाच्या निबंधांतही येतात. मी विद्यार्थ्यांना दहा या अंकाने सुरू होणारा डीओआय क्रमांक (लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला सांगते, आणि तिथे दुसराच लेख उघडला किंवा काहीच उघडले नाही तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहायला लावते. एका तासिकेत एका विद्यार्थ्याच्या पाच संदर्भांपैकी दोन असे निघाले; त्यानंतर त्या कक्षातल्या प्रत्येकाने आपापली यादी न सांगता तपासायला घेतली.

शेवटच्या प्रकरणात संदर्भ लिहिण्याच्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीचे नमुने सहाव्या आवृत्तीचे आहेत. २०१९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाच्या संदर्भातून प्रकाशनस्थळ वगळण्यात आले आहे, आणि पाठमालेत शिकल्याप्रमाणे ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर प्राध्यापक लाल खुणा करतात. झोटेरो हे संदर्भ-व्यवस्थापनाचे मोफत आणि मुक्तस्रोत साधन २००६ पासून उपलब्ध आहे. ते उतरवून घेऊन तीन नोंदी करून पाहायला लावले तर या संपूर्ण प्रकरणाची जागा ते सहज घेऊ शकेल. वाङ्मयचौर्याची चर्चा मात्र समंजसपणे केलेली आहे. विद्यार्थ्याला आरोपी समजून लिहिलेली नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चाचणी आहे आणि ती कितीही वेळा देता येते, हे चांगले आहे. परंतु प्रश्न आणि पर्याय दर वेळी त्याच क्रमाने येतात, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नात विद्यार्थी वाचत नाही, जागा आठवतो. नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेले प्रमाणपत्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना मी कपाटापाशी नेऊन एक पुस्तक काढून आणायला सांगते, आणि त्यातले काही जण अडखळतात. ज्यांनी दुसऱ्या प्रकरणातला फळा मनापासून लावला होता ते अडखळत नाहीत.

तोच फळा एका विद्यार्थ्यासाठी बंद दार ठरला, हेही सांगितले पाहिजे. त्याला दिसत नाही आणि तो एनव्हीडीए या पडदा-वाचकाच्या आधारे संगणक वापरतो. पुस्तके सरकवण्याची क्रिया केवळ माउसने होते, कळफलकाने होत नाही, आणि चित्रफितींना मजकुराची जोड नाही. सहा प्रकरणांपैकी सगळ्यांत चांगला भाग त्यालाच मिळाला नाही. आम्ही वर्गांकांची एक साधी यादी टंकून दिली आणि त्याने ती क्रमाने लावून परत दिली, पण हे काम पाठमालेने आधीच केलेले असायला हवे होते. घेण्यापूर्वी मी हे तपासले नाही याची खंत आहे, आणि इतरांनी तरी माउस बाजूला ठेवून पूर्ण पाठमाला एकदा कळफलकावर चालवून पाहावी असा माझा आग्रह आहे.

पाठमाला केव्हा द्यायची हा प्रश्न निर्मात्यांच्या हातातला नाही, आपल्या हातातला आहे. पहिल्या वर्षी आम्ही ती प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात दिली आणि तिची गत उद्बोधन वर्गासारखीच झाली. दुसऱ्या वर्षी दोन विषयांच्या प्राध्यापकांशी बोलून, निबंधाचे विषय जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यांना कक्षात बसवले. पाठमाला तीच होती, संगणक तेच होते, पण या वेळी प्रत्येकाला काहीतरी हवे होते. प्रकरण संपल्यावर विद्यार्थी उठले नाहीत, त्याच पडद्यावर स्वतःचा विषय शोधत बसले आणि त्या दिवशी देवघेव विभागापुढे रांग लागली.

पुढील वर्षासाठी आम्ही या पाठमालेचे नूतनीकरण करत आहोत, परंतु केवळ दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणासाठी. पाचवे आणि सहावे मी कक्षात उभे राहून शिकवणार आहे, आणि निर्मात्यांकडे लेखी मागणी केली आहे की तिसऱ्या प्रकरणातली शोधपेटी आमच्या खऱ्या तालिकेला जोडून द्यावी व फळा कळफलकावर चालावा. दुसरी मागणी मान्य झाल्याचे त्यांनी कळवले आहे. ती नवी आवृत्ती हातात आली की तिचा पहिला सराव त्याच विद्यार्थ्याला द्यायचा, असे ठरवले आहे.